कशावरून?

अंबरनाथ पूर्वेला स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नुसतं 'शिवमंदिर' म्हटलं की पुरतं. थोड्याच वेळात वालधुनीच्या काठावरचं काळ्या दगडाचं देऊळ समोर येतं. महाशिवरात्रीला मात्र तिथवर पोहोचायला तास न् तास रांगेत काढावे लागतात, आणि त्या रांगेत कोणाची ना कोणाची आजी कंटाळलेल्या पोराला सांगतच असते की हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं. ते अज्ञातवासात होते, कोणाच्या नजरेस पडायचं नव्हतं. काम होत आलं, तेवढ्यात उजाडलं. तसेच निघून गेले, म्हणून गाभाऱ्यावर छप्पर नाही. इथून एक भुयारही निघतं म्हणे. पोर डोळे मोठे करून ऐकतं. पुढे सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेल्यावर ते मान वर करतं, तर डोक्यावर खरोखरच आकाश! आता आजीचं म्हणणं खोटं कसं म्हणायचं?

गाभारा वरून उघडा आहे, ही वस्तुस्थिती. उजाडलं म्हणून तो तसा राहिला, हा समज. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात आणि पहिलीच्या जोरावर दुसरीही खपून जाते. मधे एक साधा मराठी प्रश्न विचारायचा राहतो: कशावरून?

या देवळाच्या बाबतीत तो प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला. उत्तरेकडच्या दाराच्या दगडी पट्टीवर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात 'महामंडलेश्वर' मम्वाणी या राजाचं नाव आहे, छित्तराज या दुसऱ्या राजाचं नाव आहे आणि शकाचा आकडाही आहे. हे दोघे उत्तर कोकणातल्या शिलाहार घराण्यातले. पांडवांचा उल्लेख कुठेच नाही. १८६८ च्या सुमारास सरकारने जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या मंडळींकडून देवळाची रेखाटनं आणि शिल्पांचे साचे करवून घेतले. त्याच काळात हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वाचला आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापला. भाऊ दाजी म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर; दिवसा रोगी तपासायचे आणि उरल्या वेळात शिलालेख, नाणी, ताम्रपट. त्यांनी आकडा वाचला शके ७८२. त्यात ७८ मिळवले की इसवी सन ८६०.

झालं, देवळाला जन्मतारीख मिळाली. विद्वानाने दगडावर वाचलेली आणि छापून आलेली. यापेक्षा भक्कम गोष्ट ती कोणती?

पण ती चुकीची होती.

ती दुरुस्त करणारा माणूस परका नव्हता. पंडित भगवानलाल इंद्रजी जुनागढचे. इंग्रजी शिक्षण जवळजवळ नाहीच. गावाजवळच्या गिरनारच्या पायथ्याला अशोकाचा शिलालेख असलेला खडक आहे. त्यावरची ब्राह्मी अक्षरं ती लिपी उलगडणाऱ्या प्रिन्सेपच्या वर्णमालेचा एक कागद हाताशी धरून त्यांनी स्वतःच लावली. भाऊ दाजींनी १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना मुंबईला आणलं. मग देशभर हिंडून शिलालेखांचे ठसे घ्यायचे आणि नकला करायच्या, हेच त्यांचं आयुष्य झालं. पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८७४ मध्ये भाऊ दाजी गेले. त्यानंतर भगवानलाल यांनी अंबरनाथचा लेख पुन्हा वाचला आणि त्याच नियतकालिकात लिहिलं की पहिला आकडा ७ नसून ९ आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. एका आकड्याच्या वळणाने देऊळ दोनशे वर्षांनी तरुण झालं.

इथे घटकाभर थांबायला हवं. एक पंडित ७ म्हणतो, दुसरा ९. दगड झिजलेला. मग दुसऱ्याचंच का मानायचं? त्यालाही तोच प्रश्न: कशावरून? त्याचं उत्तर एकट्या अंबरनाथच्या दगडात नाही. कान्हेरीच्या लेण्यांत शके ७७५ आणि ७९९ चे लेख आहेत. त्यांत शिलाहारांचा दुसरा कपर्दी राज्य करतो आहे. म्हणजे शके ७८२ मध्ये गादीवर कपर्दी बसलेला. तिथे मम्वाणीला जागाच नाही. उलट भांडुपला सापडलेला छित्तराजाचा ताम्रपट शके ९४८ चा आणि ठाण्याचा मम्वाणीचा ताम्रपट शके ९७० चा. त्यात ९८२ बरोबर बसतो. मध्य प्रदेशातल्या उदयपूरचं उदयेश्वर मंदिरही याच काळातलं, परमार राजा उदयादित्याचं. तेही अंबरनाथसारखंच भूमिज शैलीतलं. या शैलीच्या शिखरावर उभ्या पट्ट्यांमधून छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत जातात. ताम्रपट, गुहेतला लेख आणि दूरच्या माळव्यातलं देऊळ अशा एकमेकांना न ओळखणाऱ्या साक्षीदारांची जबानी जुळली. एका दगडावर दुसरा दगड चुन्याशिवाय बसवावा, तसा १०६० हा आकडा इतर आकड्यांच्या वजनावर बसला आहे.

तरीही सगळं मिटलं असं नाही. लेखात छित्तराजाच्या 'भवना'चा उल्लेख आहे. भवन म्हणजे वाडाही होतो आणि देऊळही. कोणता अर्थ घ्यायचा यावर देवळाचा आरंभ कोणी केला हे अवलंबून. शिवाय इंटरनेटवर मम्वाणीला सर्रास छित्तराजाचा मुलगा करून टाकलेलं आढळतं. ताम्रपटांतल्या वंशावळीप्रमाणे छित्तराज, नागार्जुन आणि मम्वाणी हे तिघे सख्खे भाऊ, एकापाठोपाठ एक गादीवर आलेले. एकाने एकदा 'पुत्र' लिहिलं, बाकीच्यांनी ते उतरवलं. पांडवांची कथा पसरायला निदान काही शतकं तरी लागली असतील!

मग पांडवांच्या कथेचं काय करायचं? ती खोटी म्हणून हसून सोडून देणं सोपं आहे, पण त्याने आकलन काही वाढत नाही. नाशिकची पांडवलेणी घ्या. तिथले ब्राह्मी लेख सातवाहन आणि क्षत्रप राजांचे, दानं बौद्ध भिक्षूंना दिलेली. नाव मात्र पांडवांचं. महाराष्ट्रात डोंगरात कोरलेलं, कोणी कोरलं ते विसरलेलं आणि माणसाच्या हातून होईल असं न वाटणारं जे जे दिसेल, ते लोकांनी पांडवांच्या नावावर चढवलं. 'पांडवांनी बांधलं' याचा अर्थ 'आमच्या आठवणीच्या पलीकडचं आहे' एवढाच. कधी बांधलं, याचं हे उत्तर नव्हेच. बघणाऱ्याला काय वाटलं ते त्यातून कळतं, आणि तेही नोंदवून ठेवण्यासारखं आहे. गोंधळ होतो तो कथेला तारीख समजल्यावर.

शिकल्यासवरल्या माणसाची पांडवकथा वेगळी असते. तो म्हणतो, "हे हेमाडपंती आहे." ऐकणारा मान डोलावतो. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथचं देऊळ उभं राहिलं तेव्हा त्याच्या जन्माला जवळजवळ दोनशे वर्षं अवकाश होता. 'हेमाडपंती' हा शब्द बिनचुन्याच्या दगडी बांधकामाचं नाव म्हणून वापरला तर वापरावा. पण त्याच शब्दाच्या जोरावर बांधणारा आणि काळ ठरवला, की आजीत आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

आणि मोबाइलवरची पांडवकथा तर रोज येते. युनेस्कोने म्हणे जगातल्या २१८ कलासंपन्न वास्तूंत अंबरनाथच्या देवळाची निवड केली आहे. भाषणांत, बातम्यांत, पर्यटनाच्या माहितीत हा आकडा हमखास भेटतो. कोणत्या साली, कोणत्या यादीत, हे मात्र सोबत येत नाही. युनेस्कोची जागतिक वारसा यादी सर्वांना खुली आहे. त्यात महाराष्ट्रातले अजिंठा, वेरूळ, घारापुरी, पश्चिम घाट, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती आणि २०२५ मध्ये दाखल झालेले मराठ्यांचे किल्ले आहेत. अंबरनाथ नाही. 'दोनशेच्या आसपास' म्हटलं असतं तर कोणी ना कोणी विचारलं असतं. २१८ म्हटल्यावर वाटतं, कोणीतरी मोजलं असणार. देवळाला या टेकूची गरजही नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संरक्षित केलेलं ते राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे, आणि त्याच्या भिंतीवरची शिल्पं अर्धा तास नीट पाहिली तर युनेस्को आठवतही नाही.

खरं तर '१०६०' हा आकडाही पाठ करून भागत नाही. परीक्षेत तो लिहून एक गुण मिळेल, समजणार काहीच नाही. तो कळायला लागतो तो इतर गोष्टींशेजारी ठेवल्यावर. ठाणे तेव्हा शिलाहारांचं श्रीस्थानक होतं, कोकणच्या किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांची ये-जा होती, आणि माळव्यातली शिखराची घडण उल्हास खोऱ्यात येण्याइतकी कारागिरांची, निदान त्यांच्या विद्येची, फिरती होती. हे लक्षात आलं की देवळाच्या पायथ्याची शिल्पांची ओळ वेगळी दिसू लागते. तो कठीण कातळ कोणीतरी छिन्नीने वर्षानुवर्षं फोडला आहे, रोजची भाकर खाऊन. एका रात्रीच्या चमत्कारापेक्षा ही गोष्ट अधिक थक्क करणारी आहे, असं या लेखकाचं मत. आजीला ते पटेलच असं नाही, आणि तिच्या नमस्कारात त्याने काही कमी-जास्तही होत नाही. तिची श्रद्धा शंकरावर आहे, शकाच्या आकड्यावर नाही.

दर्शन करून बाहेर पडलं की वास येतो. लोक नाकाला रुमाल लावतात आणि म्हणतात, "नाल्याचा वास." पोरंही तेच शिकतात. हा आपल्या डोळ्यांदेखत तयार झालेला समज. त्याला ना पांडव लागले ना विद्वान; कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी आणि एक सोयीचा शब्द एवढ्यावर भागलं. एकदा नाला म्हटलं की त्यात काहीही सोडायला मन कचरत नाही. वालधुनी मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावते, रेल्वेने काकोळ्याला बांधलेल्या तलावाजवळून अंबरनाथमध्ये येते, देवळाला खेटून पुढे उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हासच्या खाडीला मिळते. मम्वाणीचे कारागीर दगड घडवत होते तेव्हा ती इथून वाहत होती. ती नदी आहे.