दृढभाजक आणि मसावि : एका गणिती संज्ञेचा विचार

आज शालेय पुस्तकांत 'महत्तम साधारण विभाजक', संक्षेपाने 'मसावि', म्हणून जी संख्या शिकविली जाते, तीस जुन्या मराठी अंकगणितांत 'दृढभाजक' अशी संज्ञा होती. दोन्ही संज्ञांनी दर्शविलेली संख्या एकच. परंतु पहिली तिचे लक्षण सांगते, दुसरी तिचे कार्य. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे, हे दाखविणे हा या टिपणाचा हेतू होय.

लक्षण सुबोध आहे : दिलेल्या संख्यांना निःशेष भागणाऱ्या संख्यांतील सर्वांत मोठी ती मसावि. तथापि, एवढ्यावरून ती शोधण्याची रीत हाती येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीच्या शिवारात ३९१ फूट लांब व २९९ फूट रुंद असे एक शेत कल्पू. काही न उरता त्याचे समान चौरस तुकडे पाडावयाचे असून, पूर्ण फुटांत त्यांची बाजू मोठ्यात मोठी हवी. अवयव पाडू जाणारा विद्यार्थी येथे अडखळतो. कारण २, ३, ५, ७, ११ यांपैकी कोणतीही संख्या या दोहोंपैकी एकीसही भागत नाही.

परस्पर भागाकाराने मात्र काम तीन पायऱ्यांत होते. ३९१ ला २९९ ने भागता ९२ उरतात. २९९ ला ९२ ने भागता २३ उरतात. ९२ ला २३ ने भागता काहीच उरत नाही. म्हणून मसावि २३. भाज्य व भाजक या दोहोंना भागणारी संख्या शेषासही भागते. उलट, भाजक व शेष यांना भागणारी संख्या भाज्यासही भागते. सारांश, पायरीगणिक संख्या लहान होतात, पण त्यांचे साधारण विभाजक तेच राहतात.

ही रीत युक्लिडच्या ग्रंथाच्या सातव्या खंडात आहे; आपल्याकडे ती आर्यभटाच्या (इ. स. ४९९) कुट्टकात व भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) आढळते. 'लीलावती'त परस्पर भागाकारातील अखेरच्या शेषास 'अपवर्तन' म्हटले असून, त्याने भागून आलेल्या भाज्य-हारांस 'दृढ' ही संज्ञा दिली आहे. आपल्या उदाहरणात १७ व १३ या संख्या दृढ होत. ज्याने भागले असता संख्या दृढ होतात तो दृढभाजक, अशी या शब्दाची उपपत्ती लागते. अपवर्तन क्षेपास, म्हणजे मिळवावयाच्या संख्येस, भागत नसेल, तर भास्कराचार्य ते उदाहरणच 'दुष्ट' ठरवितात. ३९१ च्या कोणत्याही पटीत १० मिळवून २९९ ने निःशेष भाग जाणार नाही. कारण २३ ने १० ला भाग जात नाही. व्यर्थ शोध आरंभीच थांबविण्याचे हे सामर्थ्य 'महत्तम' या विशेषणातून सूचित होत नाही.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापिलेल्या मठाचा उल्लेख चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात आहे, आणि त्या लेखाचा अंतिम भाग मराठीत आहे. या विद्येशी मराठीचा संबंध इतका जुना आहे. नवी संज्ञा सुटसुटीत आहे, ती राहावी. परंतु परिभाषा घडविताना जुन्या शब्दात साठलेली रीत हरवू नये, एवढे अवधान अभ्यासकांनी ठेवणे अगत्याचे आहे.