लातूरचा वकील, कराचीचा मुक्काम

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या गावात झेंडा लागतो. शाळेची पोरे प्रभातफेरी काढतात, सरपंच दोन शब्द बोलतात, नारळ फुटतो आणि मग जो तो आपल्या सोयाबीनकडे वळतो, कारण त्या दिवसांत शेंगा भरत असतात. मोगलाई गेली, रझाकार हरले, आपण हिंदुस्थानात आलो, एवढे लहान पोरही सांगते. पण वाचकहो, जे हरले त्यांच्या पुढाऱ्यांचे पुढे काय झाले, हे आपल्या बैठकीत फारसे निघत नाही. कोणावर खटला चालला, कोण पळाला, कोणाला देश सोडावा लागला आणि कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही, हे आज सांगावे म्हणतो. कारण या गोष्टीतले मुख्य पात्र आपल्या लातूरचे आहे.

कासीम रझवी हा अलीगढला शिकलेला वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले एक व्यापारी गाव होते. लातूर जिल्हा तर १९८२ साली झाला. आडत, कापूस, भुईमूग यांवर चालणाऱ्या त्या गावात रझवी वकिली करी. निजामाच्या राज्यात मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन नावाचा पक्ष होता. त्याचे मोठे वक्ते बहादूर यार जंग १९४४ साली वारले आणि दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, पक्षाची सूत्रे या लातूरच्या वकिलाच्या हाती आली. पक्षाचे स्वयंसेवक दल म्हणजे रझाकार. शब्दाचा अर्थ नुसता स्वयंसेवक एवढाच. त्याला भीतीचा अर्थ पुढच्या दोन वर्षांत चिकटला.

त्या दोन वर्षांची आठवण नांदेड-लातूरकडे अजून पुसलेली नाही. बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांना २९ ऑक्टोबर १९४६ ला मारण्यात आले. नंतर गावेच्या गावे लुटली गेली. धान्याच्या लेव्हीने कुणबी आधीच पिचला होता. स्टेट काँग्रेसने लेव्ही देऊ नका म्हणून सांगितले, शिंदीची झाडे तोडायला लावली, सरहद्दीवरचे करोडगिरी नाके जाळले. स्वामी रामानंद तीर्थ १९३८ च्या सत्याग्रहापासून तुरुंगाच्या वाऱ्या करीतच होते. १५ ऑगस्ट १९४७ ला ते पुन्हा पकडले गेले, नोव्हेंबरअखेर सुटले आणि जानेवारी १९४८ मध्ये परत आत गेले.

म्हणजे पहिला वनवास आपल्याच माणसांच्या वाट्याला आला. १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठातून काढलेली पोरे नागपूरला जाऊन शिकली. पुढे हजारो घरे 'इंग्रजीत' गेली. तरुण वाचकांसाठी सांगतो, इंग्रजीत म्हणजे निजामाच्या हद्दीपलीकडच्या मुलखात: सोलापूर, बार्शी, उमरखेड. नांदेडकडच्या कार्यकर्त्यांचा तळ उमरखेडला होता. तेथूनच येऊन त्यांनी ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजी गेले.

इकडे हैदराबादेत रझवीचा वट वाढतच होता. ऑक्टोबर १९४७ मध्ये निजामाचे शिष्टमंडळ कराराची बोलणी करायला दिल्लीस निघणार, त्या पहाटे रझवीच्या जमावाने वजीर नवाब छतारी यांच्या घराला गराडा घातला. छतारी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी मीर लायक अली हे उद्योगपती पंतप्रधान झाले. नोव्हेंबरात हिंदुस्थान सरकारशी 'जैसे थे' करार झाला खरा, पण गावागावांतील धुमाकूळ काही थांबला नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. ते स्वतः मुसलमान होते आणि हैदराबादने हिंदुस्थानात यावे असे लिहीत होते. रझाकारी म्हणजे हिंदू-मुसलमानांचे भांडण, एवढाच हिशेब मांडणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

१३ सप्टेंबर १९४८ ला फौजा आत शिरल्या. १७ ला निजामाने रेडिओवरून शरणागती सांगितली. १८ ला जनरल एल इद्रूस मेजर जनरल जे. एन. चौधरींना शरण गेले. रझवी लगोलग पकडला गेला. लायक अली आणि त्यांचे मंत्री आपापल्या घरात नजरकैदेत राहिले.

आता खटल्याकडे येऊ. कोर्टकचेरीचा अनुभव आपल्याला बांधाच्या भांडणापुरता असतो. तारीख, पुढची तारीख. रझवीचा खटला साध्या कोर्टात चालला नाही. चौधरींच्या लष्करी सरकारने खास न्यायाधिकरणे नेमली होती. त्याच सरकारने ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द केल्या, हेही येथेच नोंदवतो. आज सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्यांच्यापैकी कित्येकांच्या आजोबांना जमिनीवर हक्क लागला तो त्या कायद्याने आणि १९५० च्या कुळकायद्याने. हातात बेमुदत सत्ता असली की जहागीर मोडायलाही वेळ लागत नाही आणि खास कोर्ट उभारायलाही.

दोन खटले मोठे होते. शोएबुल्ला खानांच्या खुनाच्या खटल्यात रझवीवरचा आरोप शेवटी टिकला नाही. दुसरा खटला बीबीनगरचा. जानेवारी १९४८ मध्ये हैदराबादजवळच्या या गावावर रझाकारांनी दरोडा घातला, लूटमार केली. यात रझवीला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. मुद्दा असा होता: २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना आली आणि तिने सांगितले की कायद्यापुढे सगळे सारखे. मग ज्या न्यायाधिकरणात आरोपीला साध्या कोर्टाइतक्या सवलती नव्हत्या, तेथे घटना आल्यावर पुढे चाललेला खटला चालेल काय? १९ जानेवारी १९५३ ला निकाल लागला. पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी म्हटले, चौकशीत फरक असले तरी मुळात न्याय साध्या कोर्टासारखाच मिळाला, शिक्षा कायम. दोन न्यायमूर्तींचे मत उलट पडले.

वाचकहो, येथे जरा थांबा. ज्याच्या नावाने आपल्या आज्या पोरांना गप्प बसवत, त्याच्या हक्काविषयी स्वतंत्र देशाच्या सर्वोच्च न्यायालयातले दोन न्यायाधीश म्हणाले की याच्यावर अन्याय झाला. त्यांना कोणी देशद्रोही म्हटले नाही, त्यांची नोकरी गेली नाही. माझ्या मते त्या निकालातली ही दोन मते सर्वांत मोलाची आहेत. उद्या तुमच्या माझ्यासारख्यावर कोणी खास कोर्ट बसवले, तर अशी दोन मतेच कामाला येतील.

रझवी अटकेपासून नऊ वर्षे आत होता. शेवटी तो पुण्याला येरवड्यात होता. सप्टेंबर १९५७ मध्ये तो सुटला तो पाकिस्तानात जाण्याच्या बोलीवर. मधल्या थोड्या दिवसांत हैदराबादेत त्याने मजलिस अब्दुल वाहिद ओवेसी यांच्या हाती सोपवली आणि तो कराचीला गेला. तेथे ना पक्ष, ना फौज, ना जमाव. लाल किल्ल्यावर निजामाचा झेंडा लावण्याच्या गोष्टी करणारा हा माणूस १९७० साली कराचीत वारला. लातूर त्याने पुन्हा पाहिले नाही.

लायक अलींची गोष्ट सिनेमासारखी आहे. ते घरात नजरकैदेत. मार्च १९५० मध्ये बायकांच्या पडदा लावलेल्या मोटारीतून ते निसटले आणि मुंबईमार्गे कराचीला पोचले. पहाऱ्यावरच्यांना पत्ता लागेपर्यंत पाखरू उडाले होते. ते पुन्हा परतले नाहीत. पुढे त्यांनी हैदराबादच्या शोकांतिकेवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि १९७१ मध्ये ते न्यूयॉर्कला वारले.

आणि ज्यांच्या नावाने हे सगळे चालले ते निजाम मीर उस्मान अली? त्यांच्यावर खटला नाही, कैद नाही. २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. तनखा वेगळाच. यात दिल्लीचे शहाणपण होते, असे जाणते लोक म्हणतात. राजाला धरले असते तर जगभर बोभाटा झाला असता. असेलही. पण वकील तुरुंगात आणि राजा राजप्रमुख, हे गणित आमच्या गावाकडच्या म्हाताऱ्यांना कधी पटले नाही आणि मलाही पुरते पटत नाही.

गादी गेली की कोर्ट, नाहीतर परदेश, हा प्रकार जगात अजून चालू आहे. थायलंडचेच पाहा. तिथल्या यिंगलक शिनावात्रा या बाई २०११ साली पंतप्रधान झाल्या त्या शेतकऱ्यांच्या मतांवर. त्यांच्या सरकारने भाताला टनामागे १५,००० बाट भाव दिला, बाजारापेक्षा जवळजवळ दीडपट. शेतकरी खूश. पण त्याच वर्षी आपल्या देशाने बिगरबासमती तांदळाची निर्यात खुली केली, जगात भाव चढला नाही, थायलंडची गोदामे भरून राहिली आणि २०१४ च्या सुरुवातीला शेतकऱ्यांचे चुकारे महिनोन्‌महिने अडकले. खरेदी केंद्रावर तूर घालून पैशाची वाट पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. त्याच साली त्यांची सत्ता गेली, लष्कर आले, खटला उभा राहिला. ऑगस्ट २०१७ मध्ये बाई देश सोडून गेल्या. महिनाभराने त्यांच्या पाठीमागे पाच वर्षांची शिक्षा झाली. त्यांचे भाऊ थाक्सिन यांना २००६ मध्ये लष्कराने काढले होते. ते २००८ पासून पंधरा वर्षे बाहेर राहिले, २०२३ च्या ऑगस्टमध्ये परतले. आठ वर्षांची शिक्षा राजाने एक वर्षावर आणली, त्यातले जवळपास सहा महिने इस्पितळात गेले आणि मग ते पॅरोलवर सुटले. मग ९ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते दिवस धरले नाहीत आणि वर्षभर तुरुंगात राहा म्हणून सांगितले. चुका दोघांच्या होत्याच. पण निवडून आलेल्याला आधी रणगाड्याने काढायचे आणि मग त्याचा न्याय करायचा, यात न्याय किती आणि सूड किती हे सांगणे कठीण.

आता पुन्हा लातुरात येऊ, कारण सांगायचे मुख्य तेथेच आहे. पुढाऱ्यांना निदान कोर्ट मिळाले. अ‍ॅक्शननंतर जे झाले त्यात गरिबाला तेही मिळाले नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्या भागात फिरली. त्यांचा अहवाल कित्येक वर्षे दडून राहिला, २०१३ च्या सुमारास लोकांपुढे आला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत होरपळले, असे त्यात आहे. सगळ्या राज्यात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली असावीत, हा समितीचा अंदाज. लातूर रझवीचे गाव म्हणून तेथे मारामारी वीस दिवसांवर चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीपैकी समितीला जेमतेम तीन हजार सापडले; हजारावर मेले होते, बाकीचे परागंदा झाले होते. त्यांत मजलिसचे पुढारी किती आणि विणकर, पिंजारी, कसाई, शेतमजूर किती, याचा अंदाज आपणच करावा.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान जोडीदार विणकरांना पाठीशी घातले आणि त्यापायी स्वतःचे जीवही गमावले. अशी घरे आपल्याकडे गावोगाव असतील. माझ्या फिरतीत औसा आणि कंधार भागात 'आमच्या कणगीत दोघांना लपवले होते' असे सांगणारे म्हातारे मला भेटले आहेत. १९४८ साली जो दहा वर्षांचा होता तो आता नव्वदीला टेकला आहे. तुमच्या घरात किंवा वाड्यावर असे कोणी असेल, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा. नातवाच्या वहीत लिहून घ्या: कोणी लुटले, कोणी लपवले, कोण इंग्रजीत गेले, कोण कराचीला गेले, कोण परत आले आणि कोणाची जमीन कोणाकडे राहिली. १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाची नक्कल तहसिलीतून काढून शेजारी ठेवा. कितीतरी नावे जुळतील.