उपसलेले पाणी परत का येते?

भांडी धुण्याचे यंत्र थांबते, आपण दार उघडतो आणि तळाशी चार बोटे गढूळ पाणी दिसते. 'पंप बिघडला' हा आपला पहिला तर्क. पण पुष्कळदा पंप निर्दोष असतो. त्याने पाणी उपसलेले असते. ते मागच्या वाटेने परत आलेले असते. धुतलेल्या ताटांना गटाराकडे निघालेले पाणी लागावे, ही गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने साधी नव्हे.

ओट्याखाली डोकावून पाहू. यंत्राची नळी सिंकच्या सांडपाण्याच्या पाइपला जोडलेली असते. त्याखाली इंग्रजी 'यू'सारखा वाकवलेला ट्रॅप असतो. त्यात सदैव थोडे पाणी राहते, म्हणून गटाराची दुर्गंधी वर येत नाही. (अशा वाकवलेल्या पाइपचे पेटंट अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये शौचकूपासाठी घेतले होते.) याच वळणात तेलकट खरकटे साचले की सिंक तुंबते. यंत्राचा तळ सिंकपेक्षा खाली असतो. मग पाणी कोणीकडे जाईल?

उत्तर वर्गातच शोधता येईल. प्लॅस्टिकच्या दोन बाटल्यांची तोंडे कापा. दोन्हींना तळाजवळ भोक पाडून सलाईनच्या लांब नळीने त्या जोडा आणि सांधे मेणाने बंद करा. एक बाटली पुस्तकांच्या चवडीवर ठेवा, ती सिंक. दुसरी टेबलावर, ते यंत्र.

1. नळी टेबलावर लोळत ठेवून 'सिंक'मध्ये पाणी ओता. ते 'यंत्रा'त उतरते.

2. बाटल्या व नळी रिकामी करा. आता नळीचा मधला भाग सिंकच्या काठापेक्षा उंच धरून पाणी ओता. पाणी नळीत सिंकमधील पातळीइतकेच चढते आणि थांबते.

3. नळी खाली आणून पाण्याने पूर्ण भरू द्या आणि मग पुन्हा उंच धरा. आता मात्र पाणी उंचवटा ओलांडून वाहतच राहते! ही झाली वक्रनलिका.

4. उंचवट्याच्या माथ्यावर नळीला सुईने भोक पाडा. हवा आत शिरते आणि प्रवाह तुटतो.

या चार पायऱ्यांत सगळी दुरुस्ती आली. जमिनीवर लोळणारी नळी ओट्याच्या खालच्या बाजूला, शक्य तितक्या उंच कमान करून बांधावी. एरवी एवढे पुरते. पण सिंक तुंबलेले असताना पंप चालून थांबला, तर भरलेली नळी वक्रनलिका होऊ शकते. हे टाळण्यासाठी यंत्रांत बहुधा एकाच दिशेने उघडणारी झडप असते. ती खरकट्याने अडकली की निरुपयोगी ठरते. सर्वांत खात्रीची हवाच. म्हणून अमेरिकेत काही ठिकाणी सिंकच्या काठापेक्षा वर, नळीच्या वाटेत हवेची मोकळी फट ठेवण्याचा नियमच आहे.

आपल्याकडे पुष्कळ घरांत ही नळी सरळ जमिनीवरच्या जाळीत सोडतात. तिथे उलटा प्रकार घडतो. नळीचे टोक यंत्रातील पाण्यापेक्षा खाली गेले की पंप थांबल्यावरही पाणी वाहत राहते आणि यंत्र भरता भरताच रिकामे होते. उपाय तोच: आधी कमान, आणि टोकाभोवती हवेला जागा.

तेव्हा कारागिराला बोलावण्यापूर्वी विजेचे बटण बंद करून क्रमाने पाहावे. यंत्राच्या तळाची गाळणी स्वच्छ आहे का? नळीला पीळ पडला आहे का? कमान उंच आहे का? सिंकमधले पाणी झटकन उतरते का? उतरत नसेल, तर खाली बादली ठेवून ट्रॅप उघडावा आणि साफ करावा. गाळणीखालच्या खळग्यात थोडे स्वच्छ पाणी राहिले, तर मात्र काळजी नको. ते तिथे राहायचेच असते.

जाता जाता विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारा: पाण्याने भरलेल्या बादलीत नळाला लावलेली रबरी नळी बुडालेली आहे आणि अचानक वरच्या टाकीचे पाणी संपले. नळ उघडाच आहे. बादलीतले पाणी कुठे जाऊ शकेल?