शंभर टन उसाचा हिशेब

दौंड तालुक्यात पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना आहे. अशा कोणत्याही कारखान्यात काट्यावरून आत गेलेला ऊस कुठे कुठे गेला, याचा मेळ घालणं म्हणजे द्रव्यमान ताळेबंद. आत आलं तेवढं बाहेर पडलं पाहिजे, नाहीतर मध्ये साठलेलं असलं पाहिजे.

गिरणीचं समीकरण: ऊस + वरून मारलेलं पाणी = मिश्र रस + बगॅस (रस काढल्यावर उरलेलं चिपाड)

समजा, १०० टन उसात तंतू १४ टन. पाणी इकडेतिकडे होतं, तंतू मात्र जवळपास सगळे बगॅसमध्येच जातात; म्हणून हिशेब त्यांच्यावर बांधायचा. बगॅसमध्ये तंतू ४८ टक्के असतील, तर बगॅस १४ ÷ ०.४८, म्हणजे सुमारे २९ टन. पाणी ३० टन मारलं असेल, तर रस १०१ टन. बगॅस न तोलता त्याचं वजन कळलं! त्यात २ टक्के साखर राहिली, तर जवळपास ६ क्विंटल साखर बॉयलरमध्ये जळाली.

पुढे १५ ब्रिक्सचा, म्हणजे वजनात १५ टक्के विरघळलेलं द्रव्य असलेला, रस आटवून ६० ब्रिक्सचा पाक होतो. विरघळलेलं द्रव्य तेवढंच राहतं, म्हणून रसाच्या वजनातला पाऊण भाग वाफ होतो. केडगावकडच्या गुऱ्हाळात काहिलीपुढचा गुळव्या हेच करतो, कागदाशिवाय.

साखर, मळी, प्रेसमड (रस गाळताना उरलेला गाळ) आणि बगॅस यांतली साखर मिळूनही उसातल्या साखरेपेक्षा कमी भरली, तर फरक ‘अज्ञात तोटा’: गळती, वाफेबरोबर उडालेले थेंब, जंतूंनी खाल्लेली साखर. उलट, आलेल्यापेक्षा जास्त साखर निघालेली दिसली, तर आधी उसाचा वजनकाटा तपासावा.