विजेची मागणी ठरवते कोण?

५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभर लोकांनी घरातले दिवे नऊ मिनिटांसाठी मालवले आणि विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली. लॉकडाऊनमुळे बरेच कारखाने आधीच बंद होते. एरवी त्यांच्या भारात झाकला जाणारा घरगुती दिव्यांचा वाटा त्या रात्री उघडा दिसला.

मागणी म्हणजे नुसता यंत्रांचा हिशेब नव्हे. पगार वाढला की घरात एसी येतो. कापडाला उठाव नसला की इचलकरंजी-मालेगावचे यंत्रमाग थांबतात. इथवर गणित सोपे आहे.

शेतीचे तसे नाही. आपल्याकडे अनेक कृषिपंपांना मीटरच नाही. आकारणी अश्वशक्तीवर होते. मोटार दोन तास चालवा की आठ तास, आकार तोच. २०२४ मध्ये तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल राज्य सरकारने स्वतःकडे घेतले. त्यात थ्री फेज वीज येते ठरावीक तास, आणि तीही कधी दिवसा, कधी रात्री. सापाच्या आणि जुन्नरकडे बिबट्याच्या धास्तीत रात्री विहिरीवर कोण जाणार? मग ऑटो स्टार्टर बसतो. वीज आली की मोटार आपोआप सुरू! पण फिडरवरच्या साऱ्याच मोटारी एकदम सुरू होतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. दाब पडतो, रोहित्र जळते, आणि ऐन पाण्याच्या वेळी शिवार कोरडे राहते. अशा शेतकऱ्याला उधळ्या म्हणणे सोपे आहे. पण पुन्हा वीज कधी येईल याचा भरवसा नसेल, तर त्याने बटण बंद का करावे?

शेतीच्या स्वस्त दराचा भार सरकारी अनुदानाबरोबर उद्योग आणि दुकानदारांच्या चढ्या दरावरही पडत आला आहे. दर फार चढले की कारखानदार छपरावर सौर पॅनेल बसवतो. भरघोस बिल भरणारा ग्राहक असा कमी झाला की ओझे उरलेल्यांवर येते.

२०१७ मध्ये राज्यात सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली: गावाजवळ सौर प्रकल्प आणि शेतीच्या फिडरला दिवसा वीज. तिची चर्चा बहुधा मेगावॉटमध्ये होते. मला मात्र तिचे मोल वेगळ्या गोष्टीत वाटते. ही वीज जिथे नेमाने येते, तिथे दारे धरायला मध्यरात्री बॅटरी घेऊन निघावे लागत नाही.