घाटावरचा सेन्सर आणि त्याची किल्ली

वाराणसीत राजघाटाजवळ मोजल्या जाणाऱ्या गंगेच्या पाण्याची इशारा पातळी 70.262 मीटर व धोक्याची पातळी 71.262 मीटर असून 1978 च्या पुरात पाणी 73.901 मीटरपर्यंत चढले होते. पुराचे आकडे उघडच असतात, तेव्हा ते पाठवणाऱ्या बिनतारी सेन्सरला गुप्त किल्ली हवी कशाला, हा पहिला गैरसमज होय. उघड माहितीला गुप्ततेची गरज नसली तरी खरेपणाची असते. सेन्सर आपल्या नोंदीला किल्लीच्या आधारे काढलेली एक छोटी पडताळणी-खूण जोडतो आणि ती जुळली तरच नोंद ग्राह्य धरली जाते, एरवी रेडिओ संच हाती असलेला कोणीही खोटी पातळी घुसडू शकेल.

अशा छोट्या यंत्रांसाठीचे ‘हलके’ कूटलेखन म्हणजे कच्चे कूटलेखन, हा दुसरा समज. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेने 2023 मध्ये निवडलेल्या ॲस्कॉन पद्धतीची किल्ली 128 बिटांची आहे. हलकेपणा आहे तो वीज आणि चिपवरील जागा यांच्या खर्चात. मात्र ॲस्कॉन स्वीकारले की काम झाले असे मानणे हा त्याहून मोठा घोटाळा आहे, कारण दोन सेन्सरांकडे एकच किल्ली पोहोचवायची कशी, याचे उत्तर ही पद्धत देत नाही.

खरी मेख किल्लीवाटपात आहे. सेन्सरची स्मृती तोकडी, म्हणून साऱ्या जाळ्याला एकच किल्ली देणे भाग आहे, असे सर्रास सांगितले जाते. येथे हिशेबच करून पाहावा. वाराणसीचे घाट 84 मोजले जातात. भोसले घाट, शिंदे घाट असे करत प्रत्येक घाटावर एक सेन्सर बसवला आणि प्रत्येक जोडीला स्वतंत्र किल्ली दिली, तर एका सेन्सरकडे 83 किल्ल्या येतात. 16 बाइटची एक किल्ली धरता ही जागा 1328 बाइट भरते, आणि वीस वर्षांपूर्वीच्या मायका-2 या सेन्सर-संचातही 128 किलोबाइट फ्लॅश स्मृती होती. अडचण येते ती सेन्सर हजारोंनी वाढल्यावर. त्यासाठी एशेनॉअर आणि ग्लिगॉर या संशोधकांनी 2002 मध्ये मोठ्या साठ्यातून यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारख्या, किल्ल्या वाटण्याची योजना मांडली. 10,000 किल्ल्यांच्या साठ्यातून प्रत्येकाला 83 दिल्या तर कोणत्याही दोघांत निदान एक किल्ली समान निघण्याची शक्यता सुमारे निम्मी असते. पण या सोयीची किंमत आहे: 50 सेन्सर चोरांच्या हाती लागले, तर न चोरलेल्या सेन्सरांमधील सुमारे 34 टक्के दुवेही उघडे पडतात. जोडीनिहाय किल्ल्यांत हा आकडा शून्य असतो.

सार्वजनिक किल्लीची, म्हणजे आधी सामायिक गुपित न देता दोघांना किल्ली ठरवू देणारी, पद्धत छोट्या यंत्राला झेपतच नाही, हा समज तर 2004 मध्येच मोडला. 8 मेगाहर्ट्झच्या आठ-बिटी प्रक्रियकावर या पद्धतीच्या एका प्रकाराचे, 160 बिटांच्या दीर्घवृत्तीय वक्राचे, मुख्य गणित 0.81 सेकंदात झाले. आज त्याहून मोठ्या किल्ल्या लागतात व वेळही वाढतो, परंतु किल्ली क्वचितच ठरवायची असल्याने तो परवडतो.

घाटावरचे यंत्र कुलूपबंद खोलीत नसते आणि पुरात ते वाहूनही जाते. जोडीनिहाय वाटपात हरवलेल्या सेन्सरच्या किल्ल्या उरलेल्या 83 जणांनी रद्द केल्या की भागते. एकच सामायिक किल्ली असल्यास मात्र ती सर्वत्र बदलावी लागते, आणि जुन्या किल्लीने झाकलेली नवी किल्ली चोरालाही वाचता येत असल्याने, दुसरी तजवीज आधीच केलेली नसेल तर उरलेल्या प्रत्येक घाटावर माणूस पाठवण्यावाचून गत्यंतर नसते.