सारख्या आरंभाचे, विरुद्ध अर्थाचे शब्द

नवागाम-डिंडोली परिसरात धुळे, नंदुरबार, जळगावकडून येऊन स्थिरावलेली अनेक कुटुंबे आहेत. घरात अहिराणी किंवा मराठी, बाजारात गुजराती आणि तपासणीचा रिपोर्ट मात्र इंग्रजीत, अशी त्यांची स्थिती असते. त्यामुळे सारख्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या वैद्यकीय शब्दांचा घोटाळा होणे स्वाभाविक आहे.

‘हायपर’ आणि ‘हायपो’ ही त्यातील प्रमुख जोडी. दोन्ही उपसर्ग मूळ ग्रीक. ‘हायपर’ म्हणजे वर, अधिक; ‘हायपो’ म्हणजे खाली, कमी. संस्कृतातील ‘उपरि’ आणि ‘उप’ हे त्यांचे सगोत्र शब्द. ‘उपरि’पासूनच आपला ‘वर’ आला. म्हणून ‘हायपर म्हणजे वर’ एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

हा भेद केवळ भाषेचा नाही. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ‘हायपोग्लायसेमिया’ होतो. घाम, थरथर, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे. शुद्धीवर असलेल्या रुग्णास तेव्हा त्वरित साखर द्यावी लागते. ‘हायपर’ समजून साखर रोखली, तर जिवावर बेतू शकते.

थायरॉईडच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. ‘हायपोथायरॉईड’मध्ये ग्रंथीचे कार्य मंदावते, पण तिला चालना देण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच अधिक स्रवते. रिपोर्टमधील वाढलेला आकडा पाहून रुग्ण म्हणतो, “थायरॉईड वाढला.” वस्तुतः तो कमी झालेला असतो. एकात थायरॉक्सिन द्यायचे, तर दुसऱ्यात कार्बिमॅझोलसारखे नेमके उलट कार्य करणारे औषध.

दुसरी जोडी ‘अँटे’ आणि ‘अँटी’. लॅटिन ‘अँटे’ म्हणजे पूर्वी, ग्रीक ‘अँटी’ म्हणजे विरुद्ध. गरोदरपणातील तपासणी ‘अँटेनेटल’ असते. बोलण्यात रूढ झालेल्या ‘अँटीनेटल’चा शब्दशः अर्थ ‘जन्मविरोधी’ होईल! मराठीत ‘प्रसूतिपूर्व’ आणि ‘प्रतिजैविक’ म्हटले की संभ्रमच उरत नाही.

तिसरी जोडी ‘इंटर’ आणि ‘इंट्रा’. ‘इंटरकोस्टल’ म्हणजे दोन बरगड्यांमधले, ‘इंट्रामस्क्युलर’ म्हणजे स्नायूच्या आत. मराठीत ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘अंतर्गत’ यांत हाच भेद आहे.

यावर उपाय साधा आहे. चिठ्ठीवर निदानाशेजारी ‘कमी’ किंवा ‘जास्त’ एवढा एक शब्द रुग्णाच्या भाषेत लिहावा. रुग्णानेही ‘मला थायरॉईड आहे’, ‘मला शुगर आहे’ एवढ्यावर न थांबता ‘कमी की जास्त?’ हे विचारून घ्यावे आणि जुनी चिठ्ठी जपून ठेवावी. गावी गेल्यावर नव्या डॉक्टरांना तीच उपयोगी पडते. शब्दाचा आरंभ सारखा असला तरी उपचाराची दिशा त्याच्या पुढच्या अक्षरावर ठरते, याचे भान उभयतांनी ठेवणे हितावह आहे.